सुधीरने निवडलेली ग्रिल

"विद्युतदाहिनी. धूर नको."

आज सकाळी स्मशानभूमीत विचारणा झाल्यावर मीनलवहिनी एवढंच बोलल्या.

आजूबाजूच्यांना वाटलं, पर्यावरण वगैरे असेल. आम्हा पानशेतवाल्यांना खरं कारण माहीत होतं.

सुधीर, माझा शाळेपासूनचा मित्र, काल संध्याकाळी गेला. त्याची फुप्फुसं दोनेक वर्षं हळूहळू कडक होत चालली होती. आजार कळला त्याच दिवशी डॉक्टरांनी धूर, धूळ, उदबत्ती, सगळं बंद केलं.

उदबत्तीचं त्याला काही वाटलं नाही. शेगडीचं वाटलं.

थंडी पडली की आम्ही पाच मित्र अधूनमधून रविवारी पानशेतच्या पाण्याकाठी जायचो. कोळशाची शेगडी, कणसं, पनीर, चिकन.

शेगडी कायम सुधीरकडे. गाडीतून पाण्यापर्यंत उचलून न्यायचाही तोच. तो चिंचवडच्या एका कंपनीत क्वालिटीला होता. माल रिजेक्ट करण्यात आयुष्य गेलेलं, त्यामुळे आमच्या हातचं काहीच पास व्हायचं नाही.

वहिनी कधी आल्या नाहीत. "तुमचा पसारा तुम्हीच घाला," म्हणायच्या.

आजार कळल्यानंतरच्या पहिल्या ट्रिपला तो गाडीत बसून राहिला. काचा वर. आम्ही लांब, धूर तिकडे जाणार नाही अशा बेताने.

थोड्या वेळाने माझा फोन वाजला. गाडीतूनच.

"पनीर उलट. करपतंय."

"तुला तिथून काय दिसतंय?"

"तू गप्पा मारतोयस ते दिसतंय. तेवढं पुरे."

सगळे हसले. परतताना खडकवासल्यापाशी तो म्हणाला, "गॅसवरची ग्रिल घेऊ. नाहीतर मला आणू नका. काचेआड बसायला मी काय कात्रजच्या झूमधला वाघ आहे?"

मग निवड सुरू झाली. क्वालिटीच्या माणसाची निवड.

व्हिडिओ, रिव्ह्यू, ग्रुपवर रोज एक फोटो. शेवटी एक पसंत पडली. त्याची मुलगी केतकी अमेरिकेत असते. दिवाळीला येताना तिने ती छोटी, देखणी प्रोपेनची ग्रिल बॅगेतून आणली.

आणि इथल्या सिलिंडरला ती बसेना. आटेच वेगळे.

सुधीर बराच वेळ तो जोड हातात घेऊन बसला. "जन्मभर कंपनीत आटे तपासले," तो म्हणाला. "घरच्या वस्तूचे विचारायचे राहिले."

मंडईजवळचा एक जण ॲडॅप्टर करून द्यायला तयार होता. सुधीरने हात जोडले. गॅसच्या जोडाला जुगाड चालत नाही म्हणाला.

म्हणून डिसेंबरात आम्ही लक्ष्मी रोडच्या मागच्या गल्लीतल्या दुकानात गेलो. सुधीर, मी आणि आमच्या पाचांतला पक्या.

दोन ग्रिल होत्या. एक लहान, गॅसच्या छोट्या कॅनवर चालणारी, एका हातात मावणारी. दुसरी मोठी, झाकणाची, बाजूंना वारा अडवणारे पत्रे, खाली छोटा सिलिंडर लावायचा.

मागच्या अंगणात दुकानदाराने दोन्ही पेटवून दाखवल्या. तिथे एक टेबलफॅन होता.

"अहो, तो पंखा जरा फुल करा," सुधीर म्हणाला.

"उकडतंय? डिसेंबरात?"

"पानशेतला वारा असतो."

दुकानदाराने चष्म्यावरून बघितलं. "पाऊस पण पाडू का?"

पण पंखा लावला. लहान ग्रिलची ज्योत फडफडली आणि विझली. पुन्हा पेटवली, पुन्हा विझली. मोठीची हललीसुद्धा नाही.

सुधीरची एक अट मात्र पहिल्यापासून होती. ग्रिल त्याला स्वतःला उचलता आली पाहिजे. "उचलायला आम्ही आहोत की," असं पक्या एकदा म्हणाला होता. त्यावर उत्तर मिळालं होतं, "मग मी काय पाहुणा म्हणून येऊ?"

गॅस बंद करून मोठी थंड होऊ दिली. मग त्याने ती उचलली. दारापर्यंतही पोचला नाही. स्टुलावर बसला.

दुकानदाराने पाणी आणून दिलं. आणि पंखा कमी केला.

"लहानच घेऊ रे," पक्या म्हणाला. "वाऱ्याला आडोसा करू आपण."

सुधीर श्वास जागेवर यायची वाट बघत होता. आम्हीही.

"मोठी द्या," तो दुकानदाराला म्हणाला.

"अरे, पण..."

"लहान वाऱ्याला टिकत नाही. ही तुम्हाला खूप वर्षं पुरेल." पुन्हा श्वास. "उचला तुम्ही."

तुम्हाला, म्हणाला. आपल्याला नाही.

बिल होईपर्यंत पक्या गल्लीत जाऊन उभा राहिला.

जानेवारीत आम्ही गेलो. ग्रिल आम्ही उचलली, सुधीर काठी टेकत मागून आला. घडीची खुर्ची त्याने ग्रिलला चिकटून मांडली आणि चिमटा हातात घेतला. भरपूर वारा होता. धूर असा नव्हताच. ऊन उतरेपर्यंत तो तिथून हलला नाही. माझं कणीस दोनदा परत पाठवलं. स्वतः अर्धं खाल्लं.

खोकला नाही.

त्यानंतर त्याला जमलं नाही. आम्हीही गेलो नाही.

आज घरी परतल्यावर शेजारच्यांनी चहा आणला. वहिनींनी कप हातात धरून विचारलं, "पानशेतला कधी जाताय?"

"बघू वहिनी. एवढ्यात नको," मी म्हणालो.

"तसं करू नका. ती ग्रिल पडून राहिली तर बर्नर गंजेल, हे म्हणाले होते."

त्यांनी कप खाली ठेवला.

"आणि उचलायला दोघं लागतात ना?" त्या म्हणाल्या. "एका बाजूने मी धरीन."

थंडी सुरू झाली की जाऊ, सुधीर. वहिनींना नीट नेऊ, नीट आणू.

येतो मित्रा. शांतपणे जा.