भुजंगप्रयातातले आठ खेळाडू आणि मिल्टन कीन्स

"आजोबा, तुम्ही येता का? एकटीला मला टेन्शन येतं," माझी नात इरा म्हणाली, आणि डिसेंबरच्या थंडीत हॅरोहून मिल्टन कीन्सला जायचं ठरलं.

तिथल्या एका ऑनलाइन क्रीडावाहिनीत अमेरिकन कॉलेज फुटबॉलवर बोलण्यासाठी तिची चाचणी होती. बँकेतली नोकरी सोडून तिला हेच करायचंय. अट अशी: कागद न बघता, दहा मिनिटांत पाच 'बोल' सामन्यांचा आणि ड्राफ्टमधल्या आठ खेळाडूंचा अंदाज सांगायचा. बोल म्हणजे मोसमाअखेरचे निवडक कॉलेज संघांचे मानाचे सामने. ड्राफ्ट म्हणजे व्यावसायिक संघांनी त्यातली पोरं पाळीपाळीने उचलणं.

मला खेळातलं काही कळत नाही, पाठांतरातलं कळतं. शाळेत आम्ही कविताच काय, नद्यासुद्धा चालीवर पाठ केल्या. त्यातली एकही अजून आटलेली नाही. म्हणून आठवडाभर खपून मी ते आठही खेळाडू, गुणदोषांसकट, भुजंगप्रयात वृत्तात बसवले.

हॅरो अँड वील्डस्टोनहून थेट गाडी मिळते, पाऊणेक तास लागतो. ज्येष्ठांनी रेलकार्ड काढावं आणि सकाळची गर्दी ओसरल्यावर निघावं, तिकीट बरंच उतरतं. गाडीच्या खिडकीबाहेर धुक्यात पाठीवर झूल घेतलेले घोडे उभे होते. मी त्यांच्यात हरवलो. शेजारी इरा डोळे मिटून पुटपुटत होती.

"प्रार्थना म्हणतेय का?" समोरच्या बाईंनी मला इंग्रजीत विचारलं.

"नाही, लेफ्ट टॅकल," इराच म्हणाली. ती खेळाडूची मैदानावरची एक जागा.

स्टेशनवरून टॅक्सी करू नका. तांबड्या पायवाटा आहेत, रेडवे म्हणतात, त्या मोटारींच्या रस्त्याखालून नेतात. अर्ध्या तासाची सुरेख चाल. वाटेत बाकावर मी थालीपिठाची पुडी सोडली. इराने घाससुद्धा घेतला नाही.

वाहिनीच्या कचेरीत बाहेरच्या खोलीतल्या पडद्यावर मला आतलं दिसत होतं. इराने सुरुवात झकास केली. बोट टेबलावर ठेका धरत होतं. एक, दोन, तीन खेळाडू झाले. इतक्यात परीक्षक म्हणाला, "थेट सहाव्यावर या. गुडघा दुखावलेला रिसीव्हर पहिल्या फेरीत का घ्यावा?"

रिसीव्हर म्हणजे पळत जाऊन चेंडू झेलणारा. इराचे ओठ नुसते हलत होते.

मी ते ओठ ओळखले. ती पहिल्यापासून म्हणत होती! सहाव्यापर्यंत पोचायला तिला दुसरा रस्ताच नव्हता. मी ठेवलाच नव्हता. बाहेर मीही पहिल्यापासून म्हणू लागलो, जणू त्याने ती लवकर पोचणार होती. परीक्षकाने घड्याळाकडे पाहिलं.

"सॉरी," इरा म्हणाली. "मी हे पाठ केलंय, म्हणून मधूनच सांगता येत नाहीये. पण त्याचे सगळे सामने मी पाहिलेत." आणि ती साध्या बोलण्यात सांगू लागली: त्याचा वेग कमी झालाय खरा, पण वळण्याआधी आता तो समोरच्याला खांद्याने हुलकावणी देतो, हे पूर्वी त्याला येत नव्हतं. परीक्षक पुढे झुकला. मग उरलेले खेळाडू आणि तीन बोल सामने भराभर सांगेपर्यंत वेळ संपला. दोन बोल सामने राहूनच गेले.

परतीच्या गाडीत वॉटफर्डला मी तिच्यापुढे थालीपीठ ठेवलं.

"चूक माझी," मी म्हणालो.

"चाल तुमची होती आजोबा, पण 'हो' मी म्हटलं ना," ती म्हणाली, आणि गार थालीपीठ संपवलं.

चार दिवसांनी मेल आली: जानेवारीत दुसरी फेरी. मी लगेच पेन्सिल शोधू लागलो.

"आजोबा, चाल नको. तुम्ही नुसते प्रश्न विचारा. कुठूनही, उलटसुलट."

प्रवास म्हणाल तर तासाभराचाही नव्हता. पण हल्ली रोज संध्याकाळी मी सातव्यावर विचारतो, मग दुसऱ्यावर. मध्येच जीभ सवयीने पहिल्याकडे वळते आणि मी अडखळतो. माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत इराचं उत्तर सुरू झालेलं असतं.