पिवळ्या क्रेनची खूण

मामी बहारीनला आल्या त्या शहर बघायला नाही, मुलीची कबर बघायला. ती मुलगी म्हणजे माझी बायको. आमच्याकडे मामाच्या मुलीशी लग्न होणं नवं नाही, त्यामुळे मामी आधी मामी आणि मग सासू. लग्नानंतरही मी त्यांना मामीच म्हणत राहिलो. बायको गेली तेव्हा मामींकडे पासपोर्टच नव्हता. दफन कोणासाठी थांबत नाही. मामींनी सगळं रत्नागिरीत बसून फोनवर ऐकलं. दहा महिन्यांनी, पासपोर्ट आणि व्हिजिट व्हिसा हातात पडल्यावर, त्या माझ्या मेव्हण्याला घेऊन आल्या.

विमान गुरुवारी सकाळी उतरलं. कबरस्तानात जायचं ते शुक्रवारी, जुम्म्याच्या नमाजनंतर. मधला दिवस मी त्यांना शहर दाखवण्यात घालवायचं ठरवलं. दुःखातल्या माणसाने पाहुण्यांना जेवायला वाढावं आणि त्यांच्याजवळ बसावं. पण मी पुस्तकं वाचणारा माणूस. एरवी गप्प असतो, तो कोणी काही विचारत नाही म्हणून. त्यातून मी ड्राफ्ट्समन. वीस वर्षं एका ऑफिसात बसून राजधानी मनामाचे रस्ते, गटारं आणि पार्किंग संगणकावर आखतो आहे. नव्या पाहुण्याला गाडीत बसवलं की हे शहर मीच बांधल्यासारखा माझा आवाज होतो. हे बायको सांगायची. मला पटायचं नाही.

विमानतळावरून निघून मुहर्रकचा पूल ओलांडला तशी मी सुरुवात केली. "मामी, हा रस्ता पूर्वी समुद्र होता."

"आणि तो पलीकडचा?"

"तोही. ते हॉटेल आहे ना, तेही समुद्रात."

"मग समुद्र कुठाय?"

"मागे सरकवला."

"त्याला विचारलंत?" मामी म्हणाल्या.

मेव्हणा रत्नागिरीत शाळेत भूगोल शिकवतो. त्याने खिडकीतून फोन बाहेर धरला होता आणि घरच्या ग्रुपसाठी तो बोलत होता, "बघा, एक पण खड्डा नाय. बघा, काचेची बिल्डिंग. ही बघा दुसरी काचेची बिल्डिंग." मी त्याला प्रत्येक इमारतीचे मजले सांगत होतो आणि तो ते फोनमध्ये पुन्हा सांगत होता. दोन मूर्खांमध्ये मामी शांत बसल्या होत्या.

"एवढ्या उंचावर राहतं कोण?" त्यांनी विचारलं.

"राहत नाहीत. ऑफिसं आहेत."

"खाली रस्त्यावर पण कोण दिसत नाय."

"सगळे गाडीत असतात, मामी."

त्यांनी बराच वेळ बाहेर बघितलं. मग म्हणाल्या, "मुलगी बघायला यायची असतात ना माणसं, तेव्हा आपण घर आवरून ठेवतो, तसं दिसतंय. हात लावायची भीती वाटते." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "माझी पोर मासळी कुठून आणायची?"

बाजार कुठे आहे ते मला ठाऊक होतं. तो आधी कुठे होता, मग कुठे हलवला, त्याच्या नव्या छपराची रचना कशी आहे, हेही ठाऊक होतं आणि ते मी सगळं सांगितलं. ती कुठल्या कोळ्याकडून सुरमई घ्यायची, ते मला ठाऊक नव्हतं.

शुक्रवारी आम्ही कबरस्तानापाशी गेलो. आमच्या कोकणात बायका कबरस्तानात जात नाहीत. मामी इथेही तोच रिवाज पाळणार होत्या. फाटकाबाहेर गाडीत बसून त्या लेकीसाठी फातिहाची प्रार्थना वाचणार होत्या. "कबर कुठल्या बाजूला आहे तेवढं सांग," त्या म्हणाल्या, "मी तिकडे तोंड करून वाचते. माझं तेवढंच काम आहे."

तेवढंच काम घेऊन त्या समुद्र ओलांडून आल्या होत्या, आणि त्यासाठी दिशा मला सांगायची होती.

दफनाच्या दिवशी सगळे हात उचलून दुआ मागत होते, तेव्हा मी खुणा घेत होतो. माझा धंदाच तो. मनात म्हटलं, डोक्याकडच्या दगडापाशी उभं राहिलं की भिंतीपलीकडची पिवळी क्रेन बरोबर समोर येते. क्रेन आणि दगड जोडून मी डोक्यात एक रेषा आखली आणि निश्चिंत झालो. आता भिंतीपलीकडे क्रेन नव्हती. बांधकाम संपलं की क्रेन काढतात. दीड वर्ष आधी त्या बांधकामाच्या पार्किंगचा नकाशा माझ्याच टेबलावरून गेला होता, आणि काम कधी संपणार ते त्यावर मीच टाइप केलं होतं. आता तिथे एकसारखे तीन काचेचे मनोरे उभे होते आणि तिन्हींत ऊन चमकत होतं.

मी भिंतीपर्यंत गेलो. परत आलो. सगळीकडे वाळूचे सारखेच उंचवटे, डोक्याशी सारखेच दगड. काहींवर रंगाने आकडे होते, ते उन्हाने उडालेले. मी पुन्हा भिंतीपर्यंत गेलो आणि परत आलो. मेव्हणा मागे मागे येत होता.

"दुलाभाई, कुठली?"

"ही," मी म्हणालो.

ज्या आवाजात आदल्या दिवशी मजले सांगितले, त्याच आवाजात सांगितलं. ती कबर निवडायचं कारण इतकंच की शेजारच्यांपेक्षा ती जरा नीटस होती. खोटं बोलतानाही मला नीटनेटकं लागतं. मेव्हण्याने आईला फोन लावला, "अम्मी, फाटकातून सरळ, मग जरा डावीकडे." मामींनी डावीकडे तोंड करून फातिहा वाचली. मी हात उचलले आणि खाली जो कोण होता त्या अनोळखी माणसाची मनातल्या मनात माफी मागितली. मेव्हण्याने फोटो काढला आणि तिथूनच घरच्या ग्रुपवर पाठवला.

दुपारी घरी चहा होईपर्यंत त्या फोटोखाली पंचवीसेक आमीन जमा झाले होते. खेडच्या एका खालाने, म्हणजे मावशीने, लिहिलं होतं, किती शांत जागा मिळाली माझ्या पोरीला. मेव्हण्याने ते मोठ्याने वाचलं. मामींनी डोळे पुसले. मी कप खाली ठेवला.

"मामी, ती कबर तिची नाही."

मेव्हण्याने फोन टेबलावर उलटा ठेवला.

मी समजावू लागलो. क्रेन, तीन मनोरे, चमकणाऱ्या काचा. या शहरात दहा महिने म्हणजे किती, इथे ओळखीचा कोपरासुद्धा सहा महिन्यांत ओळखू येत नाही, वगैरे. मी कागद घेऊन नकाशासुद्धा काढला आणि सवयीने त्यावर उत्तर दिशेचा बाण टाकला. मामींनी सगळं ऐकून घेतलं.

"क्रेन कधी काढली?"

"ठाऊक नाही."

"म्हणजे त्या दिवसानंतर तू गेलाच नाहीस."

"नाही."

"मग शहरावर कशाला ढकलतोस?" मामी म्हणाल्या. "ते बिचारं आपलं वाढतंय."

मला म्हणायचं होतं की दर शुक्रवारी मी गाडीची किल्ली हातात घ्यायचो, आणि मग एखादं पुस्तक घेऊन बसायचो. पण हे बोलून दाखवण्यासारखं नव्हतं. चहावर साय धरली होती, मी ती बोटाने बाजूला करत राहिलो.

"नंबर देतात की नाय कबरीला?" मामींनी विचारलं.

"चिठ्ठी दिली होती."

"कुठाय?"

"पुस्तकात ठेवलीय. त्या दिवशी जे वाचायला घेतलं, त्यात खुणेला."

"कुठल्या?"

घरात पुस्तकांची चार कपाटं आहेत. मामींनी ती डावीकडून उजवीकडे बघितली, ओढणी मागे बांधली आणि उठल्या. दोन दिवसांत त्या 'चला'साठीचा एक अरबी शब्द शिकल्या होत्या, तो त्यांनी वापरला. "यल्ला," त्या म्हणाल्या, "झटका एकेक."

आम्ही तिघं जमिनीवर बसून पुस्तकं झटकत राहिलो. विमानाचे जुने बोर्डिंग पास पडले, धोब्याच्या पावत्या पडल्या, एक चपटं झालेलं झुरळ पडलं. बायकोच्या अक्षरातली बाजाराची एक यादी पडली: कोथिंबीर, वाटाणे, सोलं, ह्याला चप्पल. मामींनी ती दोनदा वाचली आणि आपल्या पर्समध्ये ठेवली. मला ती हवी होती. मागायचं धाडस झालं नाही.

"केवढी पुस्तकं," मेव्हणा म्हणाला. "सगळी वाचलीत?"

"त्याला विचारू नकोस," मामी म्हणाल्या, "सांगत बसेल."

चिठ्ठी मोती काढणाऱ्यांच्या इतिहासावरच्या एका जाड ग्रंथात निघाली, अकराव्या पानावर. मेव्हण्याने पानाचा आकडा बघितला.

"दहा महिन्यांत अकरा पानं, दुलाभाई?"

मामींनी पुस्तक हातात घेऊन सुरुवातीची पानं उलटली. "नऊ," त्या म्हणाल्या. "दोन कोरी आहेत."

शनिवारी सकाळी आम्ही पुन्हा गेलो; मामी फाटकाबाहेर गाडीतच थांबल्या. तिथल्या म्हाताऱ्या राखणदाराने चिठ्ठी डोळ्यांजवळ धरली आणि तो चालू लागला. आदल्या दिवशी मी जिथे हात उचलले होते तिथून दोन रांगा मागे तो थांबला. शुक्रवारी मी या कबरीवरून चार वेळा गेलो होतो, जाताना दोनदा आणि येताना दोनदा. डोक्याकडचा दगड थोडा कलला होता. तो सरळ करायला मी वाकलो आणि पटकन उठता आलं नाही. राखणदार आणि मेव्हणा दुसरीकडे बघत राहिले.

मग मेव्हण्याने मामींना स्पीकरवर फोन लावून दिशा सांगितली आणि विचारलं, "अम्मी, कालच्या फोटोचं काय करायचं? काढून टाकू ग्रुपवरून?"

"कशाला? एवढे आमीन झाले त्याच्यावर. जो कोण आहे त्याला पोचतील." मग म्हणाल्या, "फोन त्याच्याकडे दे आणि तू ये इकडे."

मी स्पीकर बंद करून फोन कानाला लावला.

"मी यासीन वाचतेय," मामी म्हणाल्या. "संपेपर्यंत तू हलायचं नाय."

"ऊन आहे, मामी."

"असू दे."

यासीन ही कुराणातली मोठी सूरा, आणि मामी सावकाश वाचतात. वाळूवर माझी सावली कबरीच्या पायथ्यापर्यंत पडली होती. फोन गरम झाला, मी तो दुसऱ्या कानाला लावला. मध्येच एका ठिकाणी त्या श्वास घ्यायला थांबल्या.

"आहेस ना?"

"आहे," मी म्हणालो, आणि त्या पुढे वाचू लागल्या.