बानूबाईंचा पियानो आणि माझं शिसं

हसायचं असेल तर चहा खाली ठेवून हसा. कपबशा फुटल्या तर मी भरून देणार नाही.

मी नुकतीच बी.एस्सी. झाले होते. देश स्वतंत्र झाला होता, पण ती बातमी किहीमला आमच्या घरात अजून पोचायची होती. बाबांनी पेणचं स्थळ काढलं होतं आणि मला मुंबईला जाऊन पियानो दुरुस्ती शिकायची होती. शेजारच्या पारशी बानूबाईंचे भाऊ सोराबशेठ, त्यांचं तिथं पियानोचं दुकान. नारळी पौर्णिमेला ते बहिणीकडे येणार होते.

"शेठनी ठेवून घेतलं तर जा," बाबा म्हणाले. "नाहीतर पेण."

आता शेठना कसब दाखवायला हाताशी एकच वाद्य, बानूबाईंचा ग्रँड पियानो. त्या म्हणायच्या, "डिकरी, या पट्ट्या नाय, पाटे-वरवंटे छे. बोटं दुखते माझी."

"दमट हवेनं लाकूड फुगतं," बाबा म्हणाले. "दिवाळीपर्यंत थांब."

थांब! या वडीलधाऱ्यांना दुसरा शब्द शिकवला नव्हता का कोणी?

मी बानूबाईंच्या दिवाणखान्याची दारं बंद केली, लाकूड वाळावं म्हणून शेगडी पेटवली आणि पियानोचं पोट, म्हणजे पट्ट्या-हातोड्यांचा सांगाडा, बाहेर ओढलं. प्रत्येक पट्टीच्या टोकाला एक हातोडी असते, ती उडून तारेवर बसते. हातोडी जड, तर पट्टी जड. कपाटात जुन्या पियानोच्या हातोड्या होत्या. त्या सोनाराच्या काट्यावर तोलून हलक्या तेवढ्या निवडल्या आणि बसवल्या. तरी समाधान होईना. मग कोळीवाड्यातून जाळ्याला वजनासाठी लावतात ते शिसं आणून पट्ट्यांच्या पुढच्या भागात ठोकलं. म्हणजे बोट टेकताच पट्टी खाली.

"अरे वा, लोण्यासारखी," बाबा बोट टेकवून म्हणाले. पट्टी वरही येत होती. जरा आळसानं, पण येत होती.

पौर्णिमेला दिवाणखाना भरला. शेठ पुढच्या खुर्चीत. बाबांनी मला न विचारता पेणची मंडळीही आणून बसवली होती. बाहेर कोळ्यांची मिरवणूक नारळ घेऊन समुद्राकडे निघाली.

"दारं उघड नी, डिकरी. वारा येऊ दे," बानूबाई म्हणाल्या.

दारं उघडली. समुद्राचा ओला वारा थेट पियानोत शिरला. शेगडीनं वाळलेलं लाकूड पुन्हा फुगलं. बानूबाई वाजवायला बसल्या. पहिली पट्टी खाली गेली आणि वर आलीच नाही. दुसरीही नाही. माझ्या शिशानं पट्टी खाली जायची सोय केली होती, वर यायचा जोर मी काढून घेतला होता. पाहता पाहता निम्म्या पट्ट्यांनी साष्टांग नमस्कार घातला.

"डिकरी, आ सगळा झोपी गया," बानूबाई पुटपुटल्या.

मी धावले. बानूबाई वाजवतात, मी शेजारी मान खाली घालून नखानं एकेक पट्टी उचलते. त्या वाजवतात, मी उचलते. पार शेवटपर्यंत. वर बघायची हिंमत नव्हती. लोकांनी मात्र टाळ्या वाजवल्या.

शेठ उठले. आत डोकावले. "हातोड्या तो बराबर निवडल्या," म्हणाले, "पण आ शिसं? पियानो छे के गळ?" आणि मला ठेवून घ्यायचं नावही न काढता जेवायला निघून गेले.

मी बाबांकडे पाहिलं. ते पेणच्या सासूबाईंशी बोलत होते. होणाऱ्या म्हणायचं राहिलं, कारण त्यांनी तिथल्या तिथं होकार दिला होता.

"पसंत आहे हो मुलगी," त्या सांगत होत्या. "एवढी शिकलेली, पण मान वर केली नाही. वडीलधाऱ्यांच्या शेजारी उभी राहून मुकाट्यानं हाताखाली काम करते. अशी गरीब पोर हल्ली मिळते कुठं?"