आक्कांनी दाबलेलं बटण

पोरांनो, हे आताच लिहायला घेतलं, कारण तुमची मोठी आजी, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई आक्का, फार दिवस काढतील असं वाटत नाही. त्या गेल्या की तुम्हाला दोन फोन येतील. त्यांचा मुलगा, तुमचा काका, सांगेल, आईनं शेवटचं मत आमच्या घरालाच दिलं. त्यांची लेक, तुमची आत्या, विचारेल, तुमच्या आजीला (म्हणजे मला) खरं माहीत होतं, ती काही बोलली का? तुम्ही इतक्या लांबून कुणाचं ऐकणार? म्हणून मला जेवढं ठाऊक आहे तेवढं नीट लिहून ठेवते. ते पुरेसं नाही, हे आधीच सांगते.

आक्कांची दृष्टी काचबिंदूने गेली. तेव्हापासून मतदानाला सोबत म्हणून त्यांचा मुलगाच आत जायचा आणि बटणही तोच दाबायचा. आमच्या माण तालुक्यात त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. घराचं मत एक, असंच धरून चालतात. गेल्या ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला मात्र आमच्या वॉर्डातल्या महिलांच्या जागेवर घरातूनच दोघी उभ्या राहिल्या. एक आक्कांची सून, दुसरी नवऱ्याचं घर सोडून गावात परत आलेली आणि वेगळी राहणारी त्यांची लेक. लेकीने जमिनीच्या हक्कसोडपत्रावर सही करायला नकार दिला होता. भाऊ चावडीसमोर म्हणाला, "हिला गावात इचारतंय कोण?" त्यावर तिने अर्ज भरला.

आक्का सुनेच्या हातचं जेवत होत्या, मुलाच्या छपराखाली झोपत होत्या. एका दुपारी माझा हात धरून म्हणाल्या, "मला लेकीला मत द्यायचंय. माझ्या बोटानं. तू शिकल्याली हायेस, कसं करायचं ते सांग."

मी नियम वाचून काढले. दिसत नसलेल्या मतदाराला सोबती नेता येतो, पण न्यायलाच हवा असं नाही. लेकीच्या पॅनेलने छापून घेतलेलं पुठ्ठ्याचं नमुना यंत्र मी मागून आणलं. सरपंच बिनविरोध झाला होता, त्यामुळे वॉर्डातल्या दोन जागांची दोनच मतं द्यायची होती. वर पहिल्या जागेची तीन नावं आणि नोटा, अशी चार बटणं. त्याखाली महिलांची जागा. तिथे पहिली एक शेजारीण, दुसरी सून, तिसरी लेक. वरची चार सोडून तिसरं.

"आणि वरच्या चारातलं?" मी विचारलं.

"त्यातला एकबी धड न्हाई. चौथं दाबते, नोटा."

रोज दुपारी आम्ही सराव केला. आक्का पुठ्ठ्यावरून बोटं फिरवायच्या आणि हसायच्या. "उवा बघितल्यागत चाचपाया लावलंस गं मला." आठवड्याभरात बोट अचूक जायला लागलं.

मतदानाच्या दिवशी शाळेच्या खोलीत मुलगा आईचा दंड धरून उभा होता. माझा नंबर त्यांच्या मागेच होता. केंद्राध्यक्षांनी सोबती कोण म्हणून विचारलं.

"मीच. दरवेळी मीच असतोय."

"दरवेळी तूच असतोयस," आक्का म्हणाल्या, "म्हणून तर आज नगं."

रांगेतून कुणीतरी टोमणा मारला, "घ्या! म्हातारीनं बंड केलं!" मुलाचा चेहरा काळवंडला. "आये, चार लोकांत तमाशा नगं. तुला काय दिसतंय तितं?"

"तुज्या डोळ्यांनी लई बघितलं."

केंद्राध्यक्ष तरुण होते, गोंधळले. मी म्हटलं, "सोबती घ्यायचा की नाही, हे मतदाराच्या इच्छेवर आहे. पुस्तिकेत पाहा." त्यांनी पाहिलं आणि मान डोलावली. शाई लागली. एका शिक्षिकेने आक्कांना आडोशापर्यंत नेऊन सोडलं आणि ती परत आली.

बराच वेळ आतून काहीच आवाज आला नाही. दोन्ही मतं पडल्याखेरीज यंत्राची शिट्टी वाजत नाही. मागची माणसं कुरकुरायला लागली. मग एकदाची ती लांब शिट्टी वाजली. आक्का बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा असा काही उजळला होता की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मग मी आत गेले आणि यंत्र पाहिलं. पहिल्या जागेचं नोटा आणि महिलांच्या जागेचं पहिलं नाव यांच्यामध्ये एक ओळ कोरी सोडलेली होती. दोन जागांची सरमिसळ होऊ नये म्हणून. तिथलं बटण झाकलेलं होतं. आमच्या पुठ्ठ्यावर ती ओळ नव्हतीच. छापणाऱ्याला ठाऊक नव्हतं, आम्हालाही नव्हतं.

मी त्या झाकणावरून बोट फिरवलं. हाताला सपाट लागत होतं, पण कडा जाणवत होती. आक्कांनी ती कडा बटण म्हणून मोजली असेल, तर त्यांचं तिसरं म्हणजे सून. मोजली नसेल, तर लेक. माझं मत कसं दिलं ते आठवत नाही.

बाहेर येऊन केंद्राध्यक्षांना हळूच विचारलं, एखाद्याची चूक झाली असेल तर? "शिट्टी वाजली की मत झालं, आजी. परत नाही देता येत." विधानसभेला शेजारच्या काचेत दिलेल्या मताची चिठ्ठी दिसते. आमच्या यंत्राला ती काचही नव्हती. असती तरी ती आक्कांना कोण वाचून दाखवणार होतं?

लेक हरली. भाऊ गावभर सांगत सुटला की आई यंत्रापाशी गेल्यावर शहाणी झाली, तिनेही पोरीला नाकारलं, आता हिला हिस्सा कसला?

मी आक्कांना कोऱ्या ओळीचं सांगितलं. न सांगता राहवेना. त्यांनी मांडीवर बोटं ठेवली आणि मोजू लागल्या. पुन्हा मोजलं. परत पहिल्यापासून. "मधी कायतरी गुळगुळीत लागलं हुतं," त्या म्हणाल्या. "ते मी धरलं का सोडलं गं?" त्या दिवसापासून त्यांची बोटं थांबलेली नाहीत. झोपेतसुद्धा चालतात. मी हात धरून ठेवते. सोडला की पुन्हा सुरू.

मध्यंतरी लेकीने सरळच विचारलं. "आये, मला दिलंस का?"

"तुलाच द्याया गेलते."

"गेलीस ते ठाव हाय. दिलंस का?"

आक्कांनी तोंड माझ्याकडे वळवलं. लेकीनेही. "काकी, तुमी तरी सांगा!"

मी म्हटलं, "मी रांगेत होते गं." ती उठली आणि चप्पल न घालताच निघून गेली.

तहसीलमध्ये मी चौकशी केली. एकेकाचं मत वेगळं काढून पाहता येत नाही, कुणालाच नाही. मुदतीत कुणी कोर्टात गेलं नाही तर यंत्र पुसून पुढच्या निवडणुकीला वापरतात. आमचं कधीच पुसलं गेलं असणार.

आक्का अजून आहेत. तशी उठून गेलेली आत्या दुसऱ्याच दिवशी परत आली होती, आणि अजून रोज संध्याकाळी येते, आईला भरवते.