दावा आणि दावं

हरसूलच्या आठवडे बाजारात मी विमाधारकांच्या हक्कांची पत्रकं वाटत होतो. "दावा सोडू नका!" असं ओरडलो, तशी एक मावशी थांबली.

"दावं घरीच हाय रं, गायच मेली."

तिला गुरं बांधायचा दोर वाटला. गायीचा विमा होता. पण कान चिघळला म्हणून मावशीने कानातला विम्याचा बिल्ला कापून काढला होता. बिल्ला नाही म्हणून कंपनीने दावा फेटाळला. गाय मेली हे मान्य, ती हिचीच होती हे अमान्य!

"मावशी, नकाराचं लेखी कारण मागा, हक्कच आहे तुमचा!"

"दिलं की लिहून. आता?"

"वर तक्रार करा."

"तिथं बी बिल्लाच मागतील ना? माझी गाय व्हती, हे मी सांगते, ते नाय चालत?"

आमच्या पत्रकात याचं उत्तर नव्हतं. अजूनही नाही.