कोंबडी छापाचा मालक

हंबीरराव मिलिटरीतून आष्ट्याला परतला तो एक ट्रंक आणि एकच अक्कल घेऊन. अक्कल अशी, की लाइनीत जो पुढं उभा, त्याचं ताट आधी भरतं. सारी नोकरी लंगरच्या लाइनीत काढून मिळवलेलं हे ज्ञान तो कुणीही न विचारता वाटायचा. चावडीवर, केस कापायला बसल्यावर, अगदी मयताला गेला तरी. "पयला जो, मालक तो," म्हणायचा आणि मिशीवरून बोट फिरवायचा. स्वतः पहिल्यांदा असं काही त्यानं जन्मात केलं नव्हतं.

भावांच्या गळ्यात ऊस घालून यानं मिश्रीचं दुकान काढलं. मिश्रीच का, तर समोर चांदसाहेब तांबोळ्याची खपत होती म्हणून. चांदसाहेब बापाच्या काळापासून तंबाखू भाजून, कुटून, बायकांना दाताला लावायला पुडे विकायचा. पुड्यावर मोर होता. म्हणजे बापानं सांगलीच्या छापखान्यात मोरच सांगितला होता. ठसा कोरणाऱ्यानं पिसारा इतका आखडता घेतला, की बायकांनी एका आवाजात त्याची कोंबडी ठरवली. कवठे महांकाळच्या बाजारापर्यंत "कोंबडीची मिसरी द्या वो" हीच मागणी. सुरुवातीला चांदसाहेब "मोर हाय मावशी, मोर" म्हणून समजावायचा. पुढं त्यानं तो नाद सोडला आणि स्वतःही 'कोंबडी छाप' म्हणूनच विकू लागला.

हंबीररावाच्या मिश्रीला कुत्रं विचारत नव्हतं. ती करपलेली असायची, वर दाताखाली खडा यायचा. दुसऱ्या कुणी तंबाखू नीट भाजायला घेतली असती. या शहाण्यानं मुंबईची गाडी धरली. साल बहात्तर. ट्रेडमार्कच्या कचेरीत त्यानं 'कोंबडी छाप' हे नाव आपल्या मिश्रीसाठी नोंदवायचा अर्ज टाकला, सोबत एका गुबगुबीत कोंबडीचं चित्र. कचेरीनं रीतीप्रमाणे ते आपल्या जर्नलमध्ये छापलं आणि हरकतीला तीन महिने दिले. आष्ट्यात ते जर्नल कोण वाचणार? हरकत आली नाही. नाव नोंदलं गेलं, तेही अर्जाच्या तारखेपासून. हंबीररावानं दाखला काचेत बसवून दुकानात टांगला आणि नवे पुडे मांडले. बायका ते उलटून बघायच्या. "ही कुटली वो कोंबडी? आमची मानंत वाकडी हाय," म्हणून समोर जायच्या.

मग हा गडी छाती काढून तांबोळ्याच्या पायरीवर गेला.

"चांदसाब, कोंबडी आता माजी हाय. तुजे पुडे बंद."

"आवं हंबीरराव, माज्या बाच्या वक्तापास्नं हाय की हे."

"मुंबैत अर्ज कुणी टाकला? लाइनीत पुढं कोण?"

मिश्रीशिवाय चांदसाहेबाला दुसरा धंदा ठाऊक नव्हता. कोंबडी गेली तर दुकानाला कुलूप, हे त्याला आणि सगळ्या पेठेला कळत होतं. हंबीररावालाही कळत होतं, आणि त्यातच त्याला गोडी होती. मला या माणसाचा तेव्हापासून मनस्वी तिटकारा आहे.

त्यानं सांगलीच्या कोर्टात दावा लावला. उलटतपासणीला कडक इस्त्री करून उभा राहिला. चांदसाहेबाच्या वकिलानं सहज विचारावं तसं विचारलं, "हे नाव आपल्याला कसं सुचलं?"

आपण केवढा मोठा माल मारलाय, हे दाखवायची संधी हंबीरराव सोडणार होता होय!

"सुचायचं काय त्यात? सगळा मुलूख कोंबडीचीच मिसरी मागतो. लय चालणारं नाव हाय, सायेब."

"कधीपासून मागतो?"

"माज्या लहानपणापास्नं. आय मला चांदसाबच्या बापाकडं पुडा आणाय धाडायची की!"

त्याच्याच वकिलानं कपाळाला हात लावला. न्यायाधीशांनी वाक्य शब्दन्‌शब्द लिहून घेतलं. निकालही त्यावरच लागला. तुझी नोंद असेल, पण तुझ्या अर्जाच्या आणि तुझ्या दुकानाच्याही आधीपासून जो हे नाव अखंड वापरतोय, त्याला तू थांबवू शकत नाहीस. चांदसाहेबानं तिथंच उपरण्यानं डोळे पुसले.

बाहेर आल्यावर हंबीरराव वकिलावर उखडला. "मग सरकारनं ह्यो दाखला दिला कशाला?"

"आधीच्याला अडवायला नाही दिला," वकील थकून म्हणाला. "उद्या तुमच्यामागून कुणी तुमचं नाव चोरायला आला, तर त्याला अडवा."

हंबीररावाला तेवढ्यानंही पुन्हा ताठा आला. घरी येऊन त्यानं काच पुसली आणि खुर्ची टाकून त्या चोराची वाट बघत बसला. त्याच्याकडून चोरण्याजोगं काही आहे, असं आजवर एकाही चोराला वाटलेलं नाही.