‘नाही’ लिहिलेला रकाना

बायको गेल्यानंतर कपाट आवरताना तिची नांदेडच्या दवाखान्यातली फाइल सापडली. आत तिच्या मेंदूचा नकाशा आहे. वरून पाहिल्यासारखी गोल गोल डोकी, त्यांत निळे, हिरवे, लाल डाग. मी तो बाजूला ठेवतो आणि खालचा फॉर्म वाचतो. तो माझ्या अक्षरातला आहे.

भूकंपात तिचं माहेर गेलं. आई, वडील, धाकटी बहीण. आम्ही लातूर शहरात होतो म्हणून वाचलो. तेराव्यानंतर मी घरात नियम घातला: तिच्यासमोर भूकंपाचं नाव काढायचं नाही. पाहुणे आले तर दारातच बजावायचो. हे मी मायेपोटी केलं. तीही कधी बोलली नाही, तेव्हा नियम लागू पडला असं मी धरून चाललो.

मग लातुरात शिकवण्यांचं पेव फुटलं. गावोगावची मुलं खोल्या शोधत दारोदार फिरू लागली. आमच्या गल्लीत घराघरावर मजले चढले. मीही चढवला, मुलींना खोल्या दिल्या. तेव्हापासून ती घरात टिकेना. वर खाट सरकली की हातातलं टाकून अंगणात. कणकेचे हात तसेच. झोप तर नाहीच. आधी मी चिडलो, मग घाबरलो. शाळेतल्या एका सहकाऱ्याने नांदेडच्या मानसोपचार डॉक्टरांचं नाव सुचवलं. तिथे मशीनवर मेंदूचं मॅपिंग करतात म्हणे.

केस धुवून या, तेल नको, असं दवाखान्यातून फोनवर सांगितलं होतं. रोज तेल लावणारी बाई. एसटीत ती कोरड्या केसांवर सारखा पदर ओढत होती.

“वरी खाटा वढायल्यात पोरी, अन् डोकं माझं तपासायलाव,” ती म्हणाली.

दवाखान्यात आधी फॉर्म आला. तिला लिहितावाचता यायचं, पण सवयीने पेन मी घेतलं. वय, झोप, भूक. मग एक रकाना: पूर्वी मोठा आघात, अपघात, जवळच्यांचा मृत्यू? ती शेजारी बसून कागदाकडे पाहत होती. मी लिहिलं, ‘नाही’.

नियमच तसा होता, असं मी स्वतःला सांगत आलो. ते अर्धंच खरं आहे. भूकंप लिहिला असता तर डॉक्टरांनी घराचं विचारलं असतं, आणि तिच्या डोक्यावरचा मजला मीच बांधला होता.

आत टेक्निशियन मुलीने तिला तारांची टोपी घातली, जागोजाग जेल भरलं.

“काकू, तेल नाही ना लावलं?”

“दोनदा शिकेकाई लावली, बाई. लग्नातबी येवढं धुतलं नव्हतं.”

मुलगी हसली. “आता डोळे मिटून बसा. दात आवळू नका.”

नंतर डॉक्टरांनी पडद्यावर ती डोकी दाखवली. मेंदू विसावत नाही असं दिसतंय, ते म्हणाले; पण कशामुळे, ते नकाशा सांगत नाही, माणसालाच सांगावं लागतं.

“काही झालं होतं का, ताई?”

त्यांनी तिला विचारलं होतं. तिने तोंड उघडलंही होतं. मी म्हणालो, “तसं काही नाही. फॉर्ममध्ये लिहिलंय.”

तिने माझ्याकडे पाहिलं, मग पदर नीट केला. “हे म्हणत्यात तसंच.”

झोपेच्या गोळ्या घेऊन आम्ही परतलो. पुन्हा गेलो नाही. तिने अंगणात बाज टाकून घेतली आणि पुढची वर्षं बहुतेक तिथंच काढली. हृदयविकाराच्या झटक्याने गेली तीही त्याच बाजेवर.

दहाव्यानंतर वरची एक मुलगी भेटायला खाली आली.

“काका, काकूंची बहीण माझ्याएवढीच होती ना? बारावीची. माझ्या केसांना तेल लावताना सांगायच्या.”

मी विचारलं, “अजून काय सांगायची?”

ती घुटमळली. “तुमच्यासमोर भूकंपाचं नाव नाही काढायचं म्हणायच्या. तुम्हाला सहन होत नाही म्हणून.”

मी तिला बाजेवर बसायला सांगितलं. मग म्हणालो, “सांग.”